क्वीन्समधली एफ-एम अदलाबदल: सहा महिने रोज वापरल्यावर

८ डिसेंबर २०२५ पासून न्यूयॉर्क सबवेत एफ आणि एम ट्रेननी क्वीन्समधून मॅनहॅटनला नेणारे नदीखालचे बोगदे बदलले. एफ आता ५३ स्ट्रीटवरून जाते आणि एम ६३ वरून, फक्त वीकडेला, सकाळी ६ ते रात्री ९:३०. मी जॅक्सन हाइट्सला राहतो आणि ऑफिस मॅनहॅटनमधल्या लेक्सिंग्टन-५३ स्टेशनजवळ, म्हणजे हा बदल माझ्या रोजच्या वाटेवरच झालाय.

आधी कसं होतं, तर माझ्या रूझवेल्ट ॲव्हेन्यू स्टेशनला ई आणि एफ दोन्ही एक्सप्रेस पण माझ्या कामाची फक्त ई, समोर आलेली एफ सोडून द्यायची. आणि ई मिळाली तरी क्वीन्स प्लाझाच्या पुढे अंधारात गाडी उभी, कारण लोकल रुळावरची एम तिथे ई च्या रुळावर यायची आणि दोघींपैकी एकीला थांबणं भागच होतं. मधली पाच लोकल स्टेशनं गाळून वाचवलेली मिनिटं तिथे उभ्याउभ्या जायची. मी डोंबिवलीचा, फास्ट ट्रॅकवर मेल पुढे काढली की मागच्या लोकलचं काय होतं ते लहानपणापासून बघितलंय.

आता ई आणि एफ जोडीने एक्सप्रेस रुळावरून सरळ ५३ च्या बोगद्यात, एम आणि आर लोकल रुळावर, आणि ३६ स्ट्रीट सोडल्यावर एम ६३ कडे वळते. एकमेकींच्या वाटेत येतच नाहीत. तसं नवीन काही नाही, २००१ पर्यंत एफ ५३ वरूनच जायची. माझा फायदा सगळ्यात जास्त संध्याकाळी, पूर्वी लेक्सिंग्टनच्या फलाटावर एम आली की अर्धे लोक चढायचे आणि अर्धे बाजूला सरकून ई ची वाट बघायचे, दारात नुसती ढकलाढकली, आता येईल ती एक्सप्रेसच त्यामुळे कोणी पाटी बघत थांबत नाही. पुढे रॉकफेलर सेंटरला एफ आणि एम अजूनही एकाच रुळावर येतात, तिथली खोळंबाखोळंबी गेलेली नाही.

पण माझी मावसबहीण रूझवेल्ट आयलंडवर राहते आणि तिचं ऐकलं की मला मोकळेपणाने आनंद करवत नाही. त्या बेटावर सबवेचं एकच स्टेशन, तिथली दहा डब्यांची एफ गेली आणि आठ डब्यांची एम आली, त्यात एम एफइतकी पटापट येत नाही. सकाळी बाळाची गाडी घेऊन ती एक ट्रेन सोडतेच, कधी दोन. मी स्वतः एका मंगळवारी साडेआठला तिच्यासोबत उभा होतो, दार उघडलं आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. दोरावरून चालणारी ट्रॅम आहे, पण ती उतरवते सेकंड ॲव्हेन्यूवर. स्टाइनवे या लोकल स्टेशनच्या लोकांनाही ५३ ला जायचं तर आता आर ने क्वीन्स प्लाझाला येऊन गाडी बदलावी लागते, फलाट तोच आहे एवढंच बरं.

रात्रीचं नीट लक्षात ठेवा. साडेनऊनंतर आणि शनिवार-रविवारी एफ जुन्याच वाटेने ६३ वरून जाते. फेब्रुवारीत मी पावणेदहाला लेक्सिंग्टन-५३ च्या फलाटावर एफ ची वाट बघत बसलो होतो, शेजारच्या आजींनी सांगितलं तेव्हा कळलं. वेळ खांबावरच्या कागदावर लिहिलेली होती, बारीक अक्षरात. ती अक्षरं मोठी करा, आणि गर्दीच्या वेळात एम च्या फेऱ्या वाढवा, बेटावरचे लोक हेच मागतायत आणि त्यांचं बरोबर आहे.