कांदोळीतला रिसेल फ्लॅट आणि होम इन्स्पेक्शनवाले : पैसे वसूल, पण टेरेसवर चढले नाहीत

भाड्याने द्यायलाच फ्लॅट बघत होतो. गोव्यातल्या कांदोळीत 12 वर्षं जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, टू बीएचके, समुद्र चालत जाण्याइतका जवळ. किंमत 72 लाख सांगत होते आणि भाडं मिळणार महिना 28 हजार, म्हणजे वर्षाला 3 लाख 36 हजार, साडेचार टक्क्यांच्या जरा वर. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना काढला की हातात साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आता एवढ्याशा मार्जिनमध्ये एक मोठी गळती निघाली की वर्षभराचं भाडं त्यातच गेलं समजा, म्हणून पणजीतल्या एका छोट्या इन्स्पेक्शन कंपनीला, म्हणजे घर तपासून त्यातले दोष लिहून देणाऱ्यांना, बोलावलं. नाव लिहीत नाही, कारण खाली कुरकुर पण केलीय. चार्ज साडेआठ हजार.

म्हापशाचे भावजी म्हणाले, "कशाला एवढे पैसे, आपला मिस्त्री घेऊन जा." मिस्त्री चांगलाच आहे हो, पण तो भिंत बघून "दोन हात वॉटरप्रूफिंगचे मारू" एवढंच सांगणार, ओल आली कुठून ते सांगणार नाही. आणि एजंटचं एकच पालुपद, "ताई, रंग बघा ना, आत्ताच काढलाय." तिथेच माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. आमच्याकडे रंग काढतात चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आधी, हा भर एप्रिलमध्ये कोणासाठी काढला?

दोघं आले, एक इंजिनियर मुलगी आणि एक इलेक्ट्रिशियन. मुलीने बाल्कनीच्या सिलिंगवर छोटी हातोडी टकटक करत नेली, टणक आवाज येत होता आणि मग रेलिंगच्या बाजूला एकदम बद्द. तिथे खडूने गोल केला. मालकाला विचारून टवका काढला तर आत सळई तांबडी, पापुद्रे सुटलेली. तिने समजावून सांगितलं ते मला पटलं : समुद्राच्या हवेतला खार काँक्रीटमधून हळूहळू सळईपर्यंत पोचतो, लोखंड गंजलं की फुगतं, जास्त जागा मागतं, आणि आतूनच काँक्रीट फोडतं. वरून प्लास्टर थापून ते थांबत नाही, खराब भाग फोडून सळई साफ करा, लागली तर नवीन जोडा, मगच भरा. वर पुट्टी आणि रंग इतका छान होता की मला साध्या डोळ्यांनी जन्मात दिसलं नसतं.

दुसरं म्हणजे पश्चिमेची भिंत. ओलाव्याचं मीटर तिने खाली, मध्ये, वर असं लावत नेलं आणि आकडे चढले फक्त बेडरूमच्या खिडकीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत. म्हणजे पाइपची गळती नाही, पाऊस खिडकीखालून आत येतो. बाहेर हात घालून बघितलं तर खिडकीखालच्या कट्ट्याला बाहेर उतारच नाही, उलट जरासा आतच, पाणी जाणार कुठे. हे काम दोन दिवसांचं, तेवढ्यासाठी पूर्ण भिंत सोलायची गरज नाही. साडेआठ हजारांतले निम्मे मला इथेच वसूल झाले. आणि तरी ती स्वतःच म्हणाली की एप्रिलमध्ये मीटर निम्मंच खरं बोलतं, जमलं तर पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये बघा. बरोबर आहे, गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, त्याची परीक्षा उन्हाळ्यात कशी घेणार.

बाथरूमसाठी ते खालच्या फ्लॅटची बेल वाजवून त्यांचं सिलिंग बघून आले, हे मला सुचलंच नसतं. तिथे पांढरा लोणा लागलेला, म्हणजे आपल्या बाथरूमचं पाणी खाली उतरतंय. इलेक्ट्रिशियनने आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) टेस्टचं बटण दाबलं, ट्रिप झालाच नाही, आणि गीझरच्या पॉइंटला अर्थिंग नाही. स्वतः राहताना माणूस चालवून घेतो, पण भाडेकरूला शॉक बसला तर जबाबदार कोण?

आता कुरकुर. टेरेसवर चढले नाहीत. आपल्याकडे बहुतेक बिल्डिंगवर स्लॅबच्या वर उताराची कौलं असतात, गळती होते ती कौलांच्या जोडावर आणि पन्हळीत, आणि यांनी खाली रस्त्यावरून मोबाइल झूम करून फोटो काढले. का तर शिडी नाही. अहो, धंदा इन्स्पेक्शनचा आणि शिडी नाही! सेप्टिक टँकचं तर रिपोर्टमध्ये एकच वाक्य, "पाहता आलं नाही". सीझनमध्ये सगळे फ्लॅट भरले की टँक भरतो आणि टँकरचा खर्च सोसायटी आपल्यालाच लावते, ते मला सेक्रेटरीकडे बसून काढून घ्यावं लागलं. रिपोर्ट दोन दिवसांत देतो म्हणाले, आठवडा उलटला. आला तो सगळा इंग्रजीत, पहिली बरीच पानं "आम्ही जबाबदार नाही" याचीच. दुरुस्तीचा खर्चही लिहीत नाहीत, तो कॉन्ट्रॅक्टरला वेगळा विचारा.

कागदपत्रं त्यांच्या कामात येत नाहीत, ते वकिलाकडे. पण ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (बिल्डिंगमध्ये राहायला परवानगी असल्याचा दाखला) स्वतः मागून बघाच, आणि पर्यटकांना द्यायचा असेल तर 1982 च्या कायद्याखाली टुरिझम खात्याकडे नोंदणी लागते, तो खर्चही धरा. नवा फ्लॅट घेणाऱ्यांनी तर ताबा मिळाल्यापासून 5 वर्षं संपायच्या आत असं इन्स्पेक्शन करून घ्यावं, कारण रेरा या घरखरेदीच्या कायद्याप्रमाणे तोवर बांधकामातला दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. माझ्या 12 वर्षांच्या बिल्डिंगला त्याचा काही उपयोग नव्हता.

रिपोर्ट घेऊन कॉन्ट्रॅक्टरकडे गेले, बाल्कनी, खिडक्या, बाथरूम आणि वायरिंग मिळून त्याने 3 लाख 10 हजार सांगितले. मालक आधी चिडला, मग खडूच्या गोलाचा फोटो बघून गप्प झाला आणि दोन लाख उतरला. मी तीनावर अडून बसलेय, बोलणी चालू आहेत.

पाचपैकी साडेतीन. बुक करताना टेरेसवर चढणार का ते आधी विचारा, आणि शिडी ते आणणार की सोसायटीची मागायची, तेही.