शेवट माहीत असलेला बरा की नसलेला? साय-फाय मालिका बघणाऱ्यांसाठी

माझी धाकटी बहीण स्पॉयलर वाचल्याशिवाय कुठलीच मालिका बघत नाही. भाग यायच्या आदल्या रात्रीच कोण मरतं, कोण परत येतं, शेवटच्या मिनिटाला दार कोण उघडतं, हे तिला पाठ असतं. मी यातलं अक्षरही कानावर पडू देत नाही. आम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसून तोच भाग बघतो. ती चकार शब्द काढत नाही, तरी माझा घात व्हायचा तो होतोच. मोठा धक्का यायच्या दहाएक सेकंद आधी ती पडद्यावरची नजर काढते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते.

त्यामुळे दोन्ही पद्धती मला अगदी जवळून माहीत आहेत. नवी मालिका लावताना ‘आधी वाचू की नको’ असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्यासाठी हा हिशेब. (लगेच पुढच्या भागात ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ आणि ‘लॉस्ट’ या जुन्या मालिकांमधली गुपितं फोडली आहेत. त्या बघायच्या राहिल्या असतील तर तेवढं ओलांडून पुढे जा. बाकीच्या मालिकांची नावं येतील, पण त्यांची गुपितं शाबूत ठेवली आहेत.)

आधी फुटलं काय, ते बघा

‘स्पॉयलर’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि निम्मी भांडणं तिथेच होतात. एक म्हणजे घटना फुटते: अमका मरतो, तमकी त्याची मुलगी निघते. दुसरं म्हणजे त्या जगाचा नियम फुटतो: हे कुठल्या काळात घडतंय, कुणाच्या डोक्यात घडतंय, हे यान मुळात उडतंय तरी का. घरगुती मालिकेत दुसरा प्रकार जवळजवळ नसतोच. साय-फाय बघताना मात्र आपलं अर्धं डोकं हा नियम ओळखण्यातच गुंतलेलं असतं.

घटना कशी असते बघा. ‘नेक्स्ट जनरेशन’चा तिसरा सीझन जून १९९० मध्ये संपला तो असा: बोर्ग या अर्धयांत्रिक परग्रहवासीयांच्या टोळीने कॅप्टन पिकार्डला पळवून आपल्यातलाच एक करून टाकलेलं आणि त्याच्याच जहाजावरचा अधिकारी त्याच्यावर मारा करायचा हुकूम देतो. तिथेच भाग तुटतो. पुढचा भाग आला सप्टेंबरच्या अखेरीस. तीन महिने लोकांचा जीव टांगणीला. आज ती मालिका बघायला घेणाऱ्याला पिकार्ड वाचतो हे ठाऊकच असतं, कारण पुढे आणखी चार सीझन तोच कॅप्टन आहे. तरीही तो भाग अंगावर येतो. वाचल्यावर त्या माणसाचं काय उरतं, हे बघायचं शिल्लक असतंच.

आता नियम. ‘लॉस्ट’ ही विमान कोसळून एका बेटावर अडकलेल्यांची गोष्ट. तिने तीन सीझन प्रेक्षकाला एक सवय लावली: बेटाबाहेरचे प्रसंग म्हणजे भूतकाळ. २३ मे २००७ च्या भागात दाढी वाढलेल्या, पार खचलेल्या जॅकचे, म्हणजे नायकाचे, तसेच प्रसंग मधून मधून येत राहतात. आपण सवयीने ते मागच्या कप्प्यात टाकतो. अगदी शेवटच्या दृश्यात कळतं, की हे सगळं बेटावरून सुटल्यानंतरचं आहे. एवढं एक वाक्य आधी कळलं, तर त्या भागाचा कणाच निघून जातो. ते आधी फुटलंही होतं, आणि ज्यांनी वाचलं त्यांना ती चपराक कधीच बसली नाही.

याच मालिकेने उलटा पुरावाही देऊन ठेवला आहे. प्रत्येक सीझनच्या शेवटच्या गुप्त प्रसंगाला निर्माते एक सांकेतिक नाव देत आणि ते खुशाल सांगत. चौथ्या सीझनचं नाव होतं ‘गोठलेला गाढवाचा रहाट’. लोकांना वाटलं, चेष्टा आहे. भाग लागला तेव्हा खरंच बर्फात रुतलेलं एक भलंमोठं चाक निघालं. वस्तू आधीच हातात होती, पण ते चाक फिरवल्यावर काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणाच्याही मजेवर त्याने विरजण पडलं नाही.

तर माझं मत इथेच सांगून टाकतो: घटना कळली तर फारसं बिघडत नाही, नियम कळला तर बिघडतं. बहिणीला हे मान्य नाही. तिचं म्हणणं पुढे येईलच.

संशोधन दोन्हीकडून बोलतं

२०११ साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी १२ लघुकथा घेऊन प्रयोग केला. काही वाचकांना कथा तशीच दिली, काहींना शेवट आधी सांगून. शेवट माहीत असलेल्यांनी सरासरीने कथांना जास्त गुण दिले, रहस्यकथांनासुद्धा. तेव्हापासून स्पॉयलर वाचणारे हा अभ्यास ढालीसारखा पुढे करतात. आमच्या घरात तर तो महिन्यातून एकदा निघतो. मी २०१५ चा जॉन्सन आणि रोझनबॉम यांचा अभ्यास काढतो, त्यात शेवट न कळलेल्यांनाच कथा जास्त आवडली.

खरं सांगायचं तर दोन्ही प्रयोग आपल्या कामाचे थोडेच. एका बैठकीत संपणारी कथा आणि आठवडा-आठवडा वाट बघायला लावणारी मालिका यांची तुलनाच होत नाही. त्यापेक्षा जोनाथन ग्रे आणि जेसन मिटेल यांनी २००७ मध्ये ‘लॉस्ट’चे स्पॉयलर वाचणाऱ्या चाहत्यांवर जे लिहिलं ते जवळचं आहे. त्यातून दिसतं ते असं, की ही मंडळी मालिकेवर कमी प्रेम करणारी नाहीत. ‘काय होणार’ हा घोर एकदा मिटवला, की ‘कसं दाखवणार’ याकडे त्यांना निवांत बघता येतं.

दोघं, एकाच सोफ्यावर

हा ‘कसं’वाला मुद्दा मला ‘डार्क’ बघताना पटला. ती जर्मन मालिका म्हणजे तीन सीझन, २६ भाग, एका गावातली चार घराणी, आणि एकच माणूस वेगवेगळ्या वयात वेगवेगळ्या काळात. मी वही घेऊन बसलो होतो. पहिल्या पानावरची वंशावळ चौथ्या भागात खोडली, दुसऱ्या पानावर बाण इतके झाले की शेवटी पानच फाडलं. ‘हा कोण? हा त्याचा बाप ना?’ असं माझं चाललेलं. बहिणीला सगळी नाती आधीच माहीत. तिचं लक्ष कुणाच्या गळ्यातल्या लॉकेटकडे, कुणाच्या कोटाकडे, कोण कुणाकडे बघायचं टाळतंय तिकडे. एक प्रसंग संपला तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि मी वहीत बाण काढत होतो. त्या भागापुरती ती जिंकली.

पण मग मी तीच मालिका पुन्हा बघितली आणि तिला पहिल्यांदा जे दिसलं ते मला दुसऱ्यांदा दिसलं. वही फाडण्याची ती झटापट मात्र माझ्याकडेच आहे, ती तिला आता कुठूनही मिळणार नाही. म्हणून मालिका दोनदा बघणाऱ्यातले असाल तर न वाचता सुरुवात करा, दोन्ही हाती लागतं. एकदाच बघून विसरणारे असाल आणि गुंतागुंतीने डोकं दुखत असेल, तर वाचून बसण्यात काही गैर नाही. ‘डार्क’च्या अधिकृत मार्गदर्शिकेने मधली वाट काढली होती: कितव्या भागापर्यंत बघितलंय ते सांगायचं, पुढचं ती झाकून ठेवते. असं प्रत्येक मालिकेला असतं तर माझी वही वाचली असती.

न वाचणाऱ्याला कष्ट फार, हे मात्र कबूल. नटाचं नाव आठवेना म्हणून पात्राचं नाव शोधायला जावं, तर तीन अक्षरं टाकताच यंत्र स्वतःहून पुढे ‘मृत्यू’ जोडतं. व्हिडिओच्या लहानशा चित्रात कुणाचा तरी रडका चेहरा. सबटायटल सगळ्यात घातकी: अंधारातून नुसता आवाज येतो, आपण ओळखायचा प्रयत्न करतो, आणि खाली कंसात पात्राचं नाव छापून मोकळे. शिवाय दोन सीझनांमध्ये दोन-तीन वर्षं जातात. ‘सेव्हरन्स’चा पहिला सीझन एप्रिल २०२२ मध्ये संपला, दुसरा जानेवारी २०२५ मध्ये आला. मधलं आठवायला उजळणी शोधावी तर तीच पुढचं सांगून टाकते.

वाचणाऱ्याला यातलं काहीच नाही, तो निर्धास्त असतो. ज्यांना ताण सोसत नाही, कुणी मरेल या धास्तीने जे अर्धा भाग उशीआडून बघतात, त्यांनी खुशाल वाचावं. तसंही साय-फायमध्ये ‘मरतो’ ही बातमी कच्चीच. दुसऱ्या काळातून, प्रतिकृती होऊन, शेजारच्या विश्वातून तो माणूस परत येऊ शकतो आणि बऱ्याचदा येतोच.

मालिका कुठली, त्यावर

प्रत्येक भाग स्वतंत्र असेल तर अजिबात वाचू नका. ‘द ट्वायलाइट झोन’चा १९६२ मधला ‘टु सर्व्ह मॅन’ हा भाग शेवटाकडच्या एका वाक्यावर तोललेला आहे. ते वाक्य काढून घेतलं की उरतं नुसतं वाट बघणं. ‘ब्लॅक मिरर’चे बरेच भाग याच जातीचे.

‘डॉक्टर हू’सारख्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेत उलट. तिथे नायकच बदलतो आणि ते वाहिनीच आधी जाहीर करते. नव्या नायिकेचं, म्हणजे अभिनेत्री जोडी व्हिटेकरचं, नाव जुलै २०१७ मध्ये कळलं, ती पडद्यावर आली त्याच वर्षीच्या नाताळात. मधले पाच महिने लोक आनंदाने चर्चा करत होते. पण २०१४ मध्ये त्याच मालिकेच्या पाच भागांच्या पटकथा प्रसारणाआधी बाहेर पडल्या, तेव्हा त्या पुढे पाठवू नका अशी विनंती करावी लागली.

कादंबरीवरची मालिका, जसं ‘द एक्सपान्स’ किंवा ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’, यात वाद घालण्यासारखं फार नाही. पुस्तक वाचायचंच असेल तर आधी वाचा. ते स्पॉयलर धरू नका.

फोडलेलं आणि ओळखलेलं

‘द मँडलोरियन’च्या दुसऱ्या सीझनच्या शेवटी येणारा पाहुणा लपवायला पटकथेत दुसऱ्याच पात्राचं नाव घातलं होतं. त्याआधी मालिकेच्या पहिल्याच भागाचं गुपित राखण्यासाठी ते उघड करणारी खेळणी बाजारात आणायचं लांबवलं होतं. एवढी राखण केली, तर लोकांना धक्का ताजाच मिळतो.

पण राखण करूनही बुद्धिमान प्रेक्षकाचं काय करणार? ‘वेस्टवर्ल्ड’चा पहिला सीझन २०१६ मध्ये आठवड्याला एक भाग असा येत होता आणि त्यातलं सर्वांत मोठं कोडं चाहत्यांनी कित्येक भाग आधी सोडवलं. एप्रिल २०१८ मध्ये निर्मात्यांनी जाहीर केलं, की पुरेशी मतं मिळाली तर दुसऱ्या सीझनचं सगळं कथानक आम्हीच सांगून टाकू. मतं मिळाली. व्हिडिओ आला २५ मिनिटांचा, आणि थोड्याच वेळात कळलं की सगळ्यांना मामा बनवलंय: नायिका एक जुनं पॉप गाणं गात होती.

अंदाज आणि लीक (आतून बाहेर फुटलेली माहिती) यांत मी फरक करतो. शब्दकोडं स्वतः सोडवलं तर दिवस चांगला जातो, मागच्या पानावरचं उत्तर वाचलं तर नाही. पण दुसऱ्याने सोडवलेलं, नीट पुराव्यांसकट मांडलेलं कोडं वाचणं म्हणजे मागचं पान उघडणंच. आठवड्याला एक भाग येणारी मालिका असेल तर चाहत्यांच्या थिअरी, म्हणजे तर्क, वाचायच्या आधी स्वतःचा अंदाज कुठे तरी लिहून ठेवा. माझे बहुतेक चुकतात, पण चुकीचे तरी माझे असतात.

सांगणाऱ्यांसाठी, थोडक्यात

पूर्वी इंग्रजी चाहते स्पॉयलर आरओटी-१३ मध्ये लिहीत: प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे. वर्णमाला २६ अक्षरांची, म्हणून तीच कृती पुन्हा केली की मजकूर जागेवर. मुद्दाम उलगडल्याशिवाय कुणाला वाचताच येत नसे. आपण संदेशात वर ‘स्पॉयलर’ लिहून खाली दहा ओळी नुसते ठिपके टाकतो, तेही पुरतं. सूचनेच्या पट्टीत पहिली ओळच दिसते, तेवढी सांभाळा. आणि ‘मी काही सांगत नाही, पण शेवट बघच!’ हे बोलणं बंद करा. धक्का आहे हे कळलं, की माणूस पहिल्या दृश्यापासून तोच शोधत बसतो.

एक स्पॉयलर मात्र प्रत्येकाने मागून घ्यावा, न वाचणाऱ्यांनी तर आधी: मालिका पूर्ण झाली आहे का? ‘डार्क’वाल्यांचीच ‘१८९९’ नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, आठ भागांची. जानेवारी २०२३ मध्ये निर्मात्यांनी जाहीर केलं, की पुढचा सीझन होणार नाही. मी ती त्यानंतर बघायला घेतली. तीन रात्री, वही वगैरे सगळं. आठव्या भागाच्या शेवटी जे दिसलं त्याने मी उठून उभा राहिलो आणि बहिणीला म्हटलं, दुसरा सीझन लाव.

“नाहीये,” ती म्हणाली. “बंद पडली.”

“आणि हे तुला माहीत होतं?”

“तूच म्हणालास ना दादा, एक अक्षर बोलू नकोस म्हणून.”