जुनं इंजिन 'भंगारात घेतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा : जीपच्या इंजिन बदलात झालेली फसवणूक

ज्यांच्या घरी जुनी पेट्रोल जीप आहे आणि जे तिच्यात डिझेल इंजिन बसवायचा विचार करत आहेत, त्यांनी हे पैसे देण्याआधी वाचावं. आमचे दीड लाखाच्या वर गेले. पण खरं नुकसान पैशांचं नाही. जे गेलं ते पुन्हा विकत मिळत नाही.

आमची जीप 1966 सालची, महिंद्राची सीजे थ्री बी. आजोबांनी शेतासाठी घेतलेली. हिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच दिसतं, ते सौंदर्यासाठी नाही. हरिकेन नावाचं 2.2 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट उंच झालं. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा) वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे ते उंच होतं. म्हणजे गाडीचा चेहराच त्या इंजिनामुळे तसा आहे. पण पेट्रोलचा खर्च परवडेना, पार्ट मिळेनात, आणि घाटात तीन गिअरवर ओढ कमी पडे. म्हणून डिझेलचा विचार सुरू झाला.

शेजारच्या जिल्ह्यातला एक गॅरेजवाला जीपच्या कामासाठी प्रसिद्ध होता. त्याचं नाव इथे देत नाही, प्रकरण सुरू आहे. त्याने सुचवलं ते ऐकायला अगदी बरोबर होतं: बोलेरोचं 2523 सीसीचं डिझेल इंजिन, फाइव्ह स्पीड गिअरबॉक्स, फोर बाय फोर (चारही चाकांना ओढ) कायम, आणि पासिंग, म्हणजे आरटीओची मंजुरी, त्याच्याकडे. "महिंद्राच्या गाडीत महिंद्राचंच इंजिन, साहेब. आरटीओला काय अडचण?" असं तो म्हणाला. स्टँडवर लावलेलं इंजिन त्याने चालू करून दाखवलं. एका सेल्फमध्ये लागलं, धूर नाही. ते आधीच चालवून गरम केलेलं होतं, हे त्याच्याकडे काम केलेल्या एका पोराने नंतर सांगितलं. थकलेलं डिझेल इंजिन गरम असताना शहाण्यासारखं वागतं. त्याची परीक्षा थंडीत, सकाळी, पहिल्या सेल्फला होते. तुम्ही पोचाल तेव्हा आधी ब्लॉकला हात लावून पाहा. चालू असताना ऑइलचं झाकण काढा. तिथून जोरात फुंक येत असेल तर रिंगा गेलेल्या असू शकतात. आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून द्यायला सांगा. नकार मिळाला तर टोकन देऊ नका.

काम संपवून जीप घरी आली. नवा पेंट, नवी सीट, फोर बाय फोरचा दांडाही जागच्या जागी. पहिल्या पावसात बांधावर चाकं रुतली, दांडा ओढला, पुढची चाकं ढिम्म. गावातल्या ओळखीच्या मेकॅनिकने खाली शिरून पाहिलं तर दांड्याखाली काहीच जोडलेलं नव्हतं. रस्त्यावरच्या बहुतेक बोलेरो टू व्हील ड्राइव्ह असतात. त्यांच्या गिअरबॉक्सच्या शेपटातून सरळ मागचा शाफ्ट निघतो, ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) बसायला जागाच नसते. तसलाच बॉक्स आम्हाला फोर बाय फोरचा म्हणून दिला होता. आमची मूळ ट्रान्सफर केस आणि पुढचा शाफ्ट दोन्ही गायब.

आणखी एक गोष्ट त्याला नक्की माहीत होती. या जीपचा मागचा डिफरन्शियल (शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना देणारा गोळा) मधोमध नसतो, एका बाजूला असतो, कारण जुन्या ट्रान्सफर केसचं मागचं तोंडही बाजूला असतं. नव्या बॉक्सचं तोंड मधोमध. त्यामुळे शाफ्ट खाली तर झुकतोच, शिवाय आडवाही जातो. चाळीसच्या पुढे गाडी थरथरायची, शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस झिजत होते. इंजिनाचा खालचा ऑइल चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलला लागू नये म्हणून त्याने चेसीचा आडवा मेंबर गॅसने कापून परत वेल्डिंग मारलं होतं. पेंटखाली ते झाकलं होतं. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. उतारावर अशी चेसी दगा देऊ शकते, आणि गाडीत पोरंबाळं बसतात.

इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली. आकड्यांखाली ग्राइंडरच्या रेघा उमटल्या. नंबर घासून पुन्हा ठोकलेला. हातात फक्त कच्ची पावती, 'जुना स्पेअर माल'. असं इंजिन चोरीच्या गाडीचंही असू शकतं. मुंबईतलं कुर्ला असो की दिल्लीचं मायापुरी, अशा भंगार बाजारातून कटिंगचं, म्हणजे तोडलेल्या गाडीचं, इंजिन घेताना मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि त्यावरचा इंजिन नंबर बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

पासिंगचं आश्वासन तर मुळातच खोटं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 : आरसीवरच्या नोंदी उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. मालकाला, गॅरेजवाल्याला नव्हे. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. एखादा "मी करून देतो" म्हणाला तर आरटीओची लेखी पूर्वपरवानगी आधी मागा, अ‍ॅडव्हान्स नंतर.

आता मूळ मुद्दा. आमचं हरिकेन इंजिन त्याने "भंगारात घेतो, बिलातून 8,000 वजा" म्हणून ठेवून घेतलं. ते भंगारात गेलंच नाही. परराज्यातल्या एका जीपवाल्याने ते घेतलं आणि नंबर पडताळायला आरसीवरच्या पत्त्यावरून आमच्याशी संपर्क केला, तेव्हा आम्हाला कळलं. त्याने मोजलेली किंमत वजा केलेल्या रकमेच्या कितीतरी पट होती. तो माणूस सरळ आहे, पण त्याची गाडी आता त्याच इंजिनावर उभी आहे.

2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, नूतनीकरणाला 5,000, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. आमची जीप वयाने बसत होती. आरसीवरच्या नंबरचं इंजिन आणि अखंड चेसी, या दोन्ही गोष्टी त्या गॅरेजवाल्याने काढून घेतल्या. तुम्ही इंजिन बदलणारच असाल तर मूळ इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि शाफ्ट ऑइल मारून आपल्याच घरी ठेवा. काढतानाचे नंबरसकट फोटो घ्या, आणि सुटे भाग परत मिळतील हे कामाच्या कागदावर लिहून सही घ्या.

पोलिसांत फसवणुकीची आणि घासलेल्या नंबरची तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगातही गेलो. गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. यूपीआयचे व्यवहार, फोनवरचे मेसेज, कच्ची पावती, पेन्सिलचा ठसा आणि कापलेल्या चेसीचे फोटो आम्ही जोडले आहेत. गाडी पुन्हा उघडण्याआधी मेकॅनिककडून लेखी तपासणी अहवालही करून घेतला. तुमच्याबाबतीत असं झालं असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी तो अहवाल घ्या.