आरएक्सची टाकी, बुडाचा फोटो आणि माझे १३,०९८ रुपये

मोटरसायकलची जुनी पेट्रोलची टाकी ऑनलाइन घ्यायला गेलो आणि फसलो. आकडे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. ४,२५० ॲडव्हान्स, ८५० पॅकिंग-ट्रान्सपोर्ट, ३,९९९ "सेफ्टी डिपॉझिट" आणि परत ३,९९९, ते कसले ते पुढे सांगतो. एकूण १३,०९८ रुपये. मिळालं काय, तर एका बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) फोटो. टाकी नाही, झाकण नाही, साधा कॉकसुद्धा (पेट्रोल चालू-बंद करायचा खटका) नाही.

गाडी यामाहाची आरएक्स १००, अण्णांची. ज्यांच्याकडे आहे त्यांना माहितीय, १९९६ ला बंद झालेली गाडी, ओरिजिनल टाकी शोरूमला मागायला गेलात तर काउंटरवरचा पोरगा नुसता हसतो. बाहेर मिळते ती एकतर पातळ पत्र्याची डुप्लिकेट, नाहीतर कोणाच्यातरी गाडीवरून उतरवलेली. आणि हे चोर नेमके इथेच दबा धरून बसलेत, कारण दुकानात नसलेली वस्तू म्हटल्यावर भावाची चौकशी कुठे करणार? तो सांगेल तोच भाव.

टाकी उतरवायचं कारण साधं होतं. कार्बोरेटरमध्ये सारखा गंज यायचा, कॉकची जाळी साफ केली की थोडे दिवस बरं, मग परत पहिले पाढे पंचावन्न. गाडी फारशी बाहेर निघत नाही, त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते ओल धरतं, अर्धी रिकामी टाकी उभी ठेवली की आतून गंजणारच. म्हटलं घरीच काढू. आरएक्सची टाकी काढणं हे काही मोठं काम नाही, उगाच त्याचे पैसे देऊ नका कोणाला. कॉक बंद करा, पेट्रोल आधी कॅनमध्ये काढून घ्या (मोकळ्या हवेत, आणि "काय चाललंय" म्हणत सिगारेट घेऊन येणाऱ्या शेजाऱ्याला लांब ठेवा), पाईप ओढून काढा, सीट काढा, मागचा बोल्ट सोडा, मागून थोडी उचलून मागे ओढली की पुढच्या रबरांमधून सुटते. ती रबरं जुनी असतील तर तुकडे पडतात, आधीच नवी आणून ठेवा.

आतून सायट्रिक ॲसिडने धुतली आणि तिथे घोळ झाला. गंज निघाला, पण कॉकच्या बाजूच्या जोडावर ओल दिसायला लागली. पुसली की परत. टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडलेली, इतके दिवस गंजानेच बुजलेली होती. जुनी टाकी धुणार असाल तर हे डोक्यात ठेवा, गंज काढला की खरी टाकी किती शिल्लक आहे ते कळतं. वेल्डिंगवाल्याकडे नेली तर त्याने झाकण उघडून वास घेतला आणि हात लावणार नाही म्हणाला. त्याचं बरोबरच होतं, आत पेट्रोलची वाफ असताना वर ज्योत लावली तर टाकी पण जाते आणि माणूस पण.

मग मी जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपवर पोस्ट टाकली. "आरएक्स १०० ची ओरिजिनल टाकी पाहिजे, जुनी काढून ठेवलीय, गाडी उघडी आहे, अर्जंट." आता वाचताना कळतं की त्या एका ओळीत मी चोराला सगळा बायोडेटा दिला. गाडी बंद, माणूस घाईत, पैसे द्यायला तयार. पण अशी पोस्ट सगळेच टाकतात ओ, ग्रुप असतात कशाला मग? तरी सांगतो, "अर्जंट" हा शब्द लिहू नका. आणि दुसरी टाकी हातात आल्याशिवाय पहिली उतरवूच नका.

तासाभरात मेसेज आला. "दादा, एकच पीस आहे, घरच्या गाडीचा, पेंट पण ओरिजिनल." फोटो एक नंबर. वरून, दोन्ही बाजूंनी, झाकणासकट. भाव ८,५००, अर्धे आधी, अर्धे माल बघून. सोबत आधार कार्डाचा फोटो पण आला, मी मागितला नव्हता. न मागता आधार पाठवणारा माणूस चोर असतो हे माझ्या पुतण्याने नंतर मला ऐकवलं, आधी कुठे होता काय माहीत. ते आधार त्याचंच कशावरून? कोणाचंही असेल, बिचाऱ्या त्या माणसाला पत्ताही नसेल.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून डोकं तापतं.

मी काय बावळट नाही. मी त्याला बुडाचा फोटो मागितला होता. वरच्या चकाचक पेंटला कोण विचारतो, टाकी खालून बघायची असते, जोड, कॉकची जागा, मधला बोगदा, जिथे पाणी साचतं ते कोपरे. बरोबर प्रश्न मीच विचारला. त्याने फोटो पाठवला, टाकी उलटी टाकलेली, शेजारी एक निळी स्लीपर, आणि बुडाला एका बाजूला ताटलीएवढं नाही पण चांगलं मोठं गोल भोक, भोवती स्क्रूची छोटी छोटी भोकं. हे भोक कशाचं असतं? पेट्रोलच्या फ्लोटचं (आत तरंगून पेट्रोल किती आहे ते सांगतो तो). म्हणजे मीटरवर पेट्रोलचा काटा असलेल्या गाडीच्या टाकीचं. आरएक्स १०० ला पेट्रोलचा काटाच नाही! झाकण उघडून आत बघायचं, नाहीतर गाडी अडखळली की कॉक रिझर्व्हला फिरवायचा, सगळी दुनिया अशीच चालवत आली ही गाडी. आणि माझी स्वतःची टाकी तेव्हा माझ्यासमोर गोणपाटावर उलटी पडलेली होती, बूड वर करून, तिथे असं कुठलंही भोक नाही. एका हातात फोन, समोर टाकी. जुळवायला किती वेळ लागतो?

पण मला भोक दिसलंच नाही असं नाही. दिसलं. मी त्याला विचारलं पण, "हे काय आहे?" तो म्हणाला, "दादा ते नंतरच्या लॉटला यायचं, प्लेट मारून बंद करतात, प्लेट देतो सोबत." इतक्या सहज बोलला की मला वाटलं हा माझ्यापेक्षा जास्त जाणतो. आणि मला सांगा, तीस वर्षांपूर्वीच्या गाडीत कुठल्या वर्षी काय बदललं हे छातीठोकपणे किती जण सांगतील? माझे हात पेट्रोलने माखलेले, उन्हात स्क्रीन नीट दिसत नव्हती, आणि मी वरच्या फोटोंवर आधीच भाळलेलो. वरचे फोटो एका टाकीचे आणि बुडाचा दुसऱ्याच, कारण वरचे त्याने कुठूनतरी उचललेले, आणि बुडाचा कोण टाकतं? त्यामुळे मागितल्यावर मिळेल तो चिकटवला. थोडक्यात त्याच्याकडे टाकीच नव्हती हे त्यानेच मला फोटो पाठवून सांगितलं होतं.

४,२५० गेले. दुसऱ्या दिवशी ८५० पॅकिंगचे. मग बिल्टीचा फोटो, शिक्का-बिक्का मारलेली, आणि त्यावरच्या नंबरावरून फोन, हा दुसरा माणूस, हिंदीत बोलणारा, मागे ट्रकचे आवाज. पेट्रोलची टाकी आहे, धोकादायक माल, डेपोत अडवलाय, ३,९९९ सेफ्टी डिपॉझिट, डिलिव्हरीला परत. लोक म्हणतात यावर विश्वास कसा ठेवला? अहो, वापरलेली पेट्रोलची टाकी बरेच कुरिअरवाले खरंच घेत नाहीत, वाफेमुळे. खऱ्या गोष्टीला खोटं चिकटवलं की असंच होतं. ३,९९९.

पुढचं पटकन सांगतो. "तुमचं डिपॉझिट रिफंड करतो, क्यूआर पाठवलाय." हो, क्यूआर. हो, स्कॅन केला. हो, पिन टाकला. हसून घ्या. पैसे येताना पिन लागत नाही हे मला माहीत आहे, आमच्या सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना मीच शिकवलंय. तो सतत लाइनवर बोलत होता, "सर जल्दी कीजिए, ऑफिस बंद हो रहा है," आणि रक्कम पण तीच होती ३,९९९, म्हणून डोळ्यांना तीच परत येतेय असं वाटलं. फोनवर बोलता बोलता पैशाचं ॲप उघडायचंच नाही. आधी फोन ठेवा, मग काय ते करा, समोरच्याला राग आला तर येऊ द्या.

त्यानंतर दोघांचे नंबर बंद. मग सुरू झाला दुसरा तमाशा.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या कस्टमर केअरला करा. कस्टमर केअरने तक्रार नोंदवली, आणि संध्याकाळी मेसेज, "आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे." कसलं निवारण? परत फोन, परत एक दाबा दोन दाबा, मग एक जण म्हणाला व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय, त्यामुळे तो अधिकृत आहे. अरे पण फसवूनच पिन टाकून घेतला ना? "सर, तुमची भावना मी समजू शकतो." भावना नकोय मला, समोरचं खातं गोठवा! ते म्हणे पोलिसांचं पत्र आल्याशिवाय होत नाही.

पोलीस स्टेशनला गेलो. तिथला संवाद जसाच्या तसा देतो.

"कसली टाकी?"

"गाडीची. पेट्रोलची."

"चोरीला गेली?"

"नाही, आलीच नाही."

"मग गेलं काय?"

"पैसे."

"मग पैसे म्हणा ना, टाकी टाकी काय लावलंय."

मग गाडीचे कागद मागितले. कशाला, देव जाणे. आरसी अण्णांच्या नावावर, तर म्हणे गाडी तुमची नाही, तक्रारदार कसे झालात? म्हटलं पैसे माझ्या खात्यातून गेलेत, गाडीचा काय संबंध? मग म्हणे समोरचा माणूस कुठल्या गावचा आहे, गुन्हा तिकडे घडलाय, आमची हद्द नाही. सायबरच्या ऑफिसला जा. सायबरच्या ऑफिसला गेलो तर एवढ्या रकमेसाठी इथे येत नाहीत, स्थानिक ठाण्यातच द्या. एवढी रक्कम! पगारातून बाजूला टाकलेले पैसे आहेत ते, त्यांना "एवढी" वाटतेय. परत ठाण्यात आलो तर ड्युटी बदललेली, नवीन साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगा. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच द्यायला खळखळ, आणि अर्जाच्या विषयात काय लिहिलं तर "जुन्या गाडीच्या पार्टबाबत". फसवणूक हा शब्दच नाही. मी भांडून लिहायला लावला.

म्हणून ऐका. हद्दीचं कारण ऐकून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्या भागात घडला ते बघत नाहीत. फसवणूक म्हणजे न्याय संहितेचं कलम ३१८, जुनं ४२०. हे कागदावर लिहून न्या, आकडा ऐकला की जरा सरळ बसतात. आणि पैसे गेल्या गेल्या, ठाण्यात जायच्या आधी, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच थांबवता येतात. मी दुसऱ्या दिवशी लावला, कारण रात्रभर मला वाटत होतं डेपो उघडला की टाकी सुटेल. स्क्रीनशॉट, यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक), चॅट, काही डिलीट करू नका. रागाच्या भरात मी त्याला घातलेल्या शिव्या मात्र डिलीट करायला हव्या होत्या, साहेबांनी त्या मोठ्याने वाचल्या.

जुनी टाकी मी भंगारात दिली नाही हे नशीब. दुसरा एक जुना कारागीर मिळाला, त्याने ती साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, वास जाईपर्यंत उन्हात उघडी ठेवली, मग पाणी भरून फक्त जोडाची जागा वर राहील अशी आडवी लावली आणि पितळ भरून दिलं. ४५० रुपये. हे घरी करायला जाऊ नका.

ग्रुपच्या ॲडमिनला सगळं पाठवलं तर त्याचं उत्तर, "ग्रुपवर वाद नको." मी तरी कमेंटमध्ये लिहिलं, तर मलाच काढलं. सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर माझ्या तक्रारीपुढे अजून "प्रक्रियेत" असंच दिसतं. आणि परवा पुतण्याने दुसऱ्या एका ग्रुपवरची पोस्ट दाखवली, नाव वेगळं, भाव आता ७,२००, "घरच्या गाडीचा, एकच पीस". विचारा त्याला बुडाचा फोटो. गोल भोक आणि शेजारी निळी स्लीपर दिसली तर पैसे पाठवू नका, मला तो नंबर पाठवा.