चष्म्याच्या नंबरचा स्नॉर्कलिंग मास्क: नऊ महिन्यांनंतर

मागच्या ऑक्टोबरमध्ये मी आईसाठी आणि माझ्यासाठी नंबरच्या काचांचे दोन स्नॉर्कलिंग मास्क घेतले. स्नॉर्कलिंग म्हणजे डोळ्यांवर मास्क लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत, तोंड पाण्यात ठेवून तरंगत खाली बघणं. नोव्हेंबर-डिसेंबर पुण्यात पोहण्याच्या तलावावर, जानेवारीत नऊ दिवस अंदमानात आणि एप्रिलमध्ये तीन दिवस मालवणला ते वापरले. आता जुलै आहे, समुद्र बंद आहे, मास्क कपाटात आहेत. घेताना मला असा अनुभव कुठे मराठीत वाचायला मिळाला नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा नंबर उजव्या डोळ्याला उणे ६, डाव्याला उणे ५. सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा अंदमानला गेले तेव्हा हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या, एलिफंट बीचवर स्नॉर्कलिंग केलं होतं. चष्मा काढून बोटीत ठेवला, तिथला साधा मास्क लावला, रिंग धरली आणि गाइड ओढत नेईल तिकडे गेले. तो बोट दाखवायचा, मी मान हलवायचे. मला दिसत होते ते हिरवट-पिवळे डाग. घरी येऊन सगळ्यांना ‘फार सुंदर होतं’ म्हणाले खरी, पण मी ते पाहिलंच नव्हतं आणि हे मला फार लागून राहिलं होतं.

चष्म्यावर मास्क बसत नाही, कारण काड्यांमुळे कडेला फट राहते आणि पाणी आत येतं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरायला डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो, तो लेन्समागे अडकला तर पारपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, वाईट संसर्ग होऊ शकतो. राहिला नंबरचा मास्क. यात दोन डोळ्यांना दोन वेगळ्या काचा असतात आणि त्या अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यांत तयार मिळतात. सिलिंड्रिकल, म्हणजे तिरकस दोषाचा (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा) नंबर त्यांत सहसा मिळत नाही. माझा सिलिंडर थोडाच आहे, त्यामुळे अडलं नाही. ज्यांचा जास्त आहे त्यांनी आधी आपल्या चष्मेवाल्याशी बोलावं. पाण्याखाली वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपटीवर आणि सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात. शिवाय आपण बघतो ते सगळं काही मीटरांच्या आतलंच असतं, म्हणून अगदी काटेकोर नंबर नसला तरी भागतं. आईचा नंबर सव्वासात आहे. तिला सातच्या काचा घेतल्या, त्या पुरल्या.

दोन्ही मास्क मिळून साडेसहा हजार रुपये गेले. पहिल्या पार्सलमध्ये माझ्या डाव्या-उजव्या काचा उलट बसवून आल्या होत्या. विकणाऱ्यांनी बदलून दिल्या, पण तीन आठवडे गेले. आल्या आल्या एकेक डोळा झाकून तपासा, तिकीट दोन दिवसांवर असताना मागवू नका.

मास्क चेहऱ्याला बसतो का हे घरीच कळतं. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, केस मागे घ्यायचे, नाकाने हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मास्क तसाच चिकटून राहिला तर बसला. आईचा पहिला मास्क असा तपासल्यावरच परत केला, गालाजवळ हवा जात होती.

नव्या काचेवर कारखान्यातून आलेला एक पातळ थर असतो. तो निघत नाही तोवर काचेवर वाफ धरतेच. आमचा तलावावरचा पहिला आठवडा त्यातच गेला. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने आतून चोळून, रात्रभर ठेवून, सकाळी धुतली. असं तीनदा केल्यावर फरक पडला. त्यानंतर दर वेळी पाण्यात उतरण्याआधी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आतून पसरायचा आणि विसळून टाकायचा. अंदमानात एकदाही वाफ धरली नाही.

सराव मात्र हवाच. आई मूळची वाईची, कृष्णेत पोहायला शिकलेली, आता चौसष्टची आहे. तिला पाण्याची भीती नाही, पण नळीतून तोंडाने श्वास घेताना ती दचकायची. बायकांच्या बॅचला आम्ही दोघी कडेचा गज धरून नुसतं तोंड पाण्यात घालून दहा-दहा मिनिटं श्वास घ्यायचो. महिन्याभरात तिला ते जमलं, नळीत शिरलेलं पाणी फुंकून बाहेर टाकणंही जमलं.

जानेवारीत पोर्ट ब्लेअरला उतरलो. शहराचं नाव आता श्री विजयपुरम झालं आहे. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. सात इमारतींपैकी तीनच उरल्या आहेत, आणि सावरकरांच्या कोठडीत आई बराच वेळ उभी राहिली. तिसऱ्या दिवशी वांडूर जेटीवरून जॉली बॉयला गेलो. हे बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. वर्षाचे काही महिनेच ते उघडं असतं, बाकीच्या महिन्यांत लोकांना रेड स्किन बेटावर नेतात. तिथे प्लास्टिक चालत नाही, खाऊची पाकिटंसुद्धा जेटीवर काढून ठेवावी लागतात. मास्क आम्ही आईने जुन्या सुती साडीच्या शिवलेल्या पिशवीतून नेले होते.

आणि मग दिसलं. सांबराच्या शिंगांसारखी प्रवाळं, त्यांची टोकं फिकट. समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोन या जीवाच्या) बोटांत आत-बाहेर करणारे क्लाउनफिश. महाकाय शिंपल्याची निळी-जांभळी ओठासारखी कड, मी वरून गेले तशी ती मिटली. पोपटमासे खडकाला चोच लावून खात होते आणि त्याचा कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. ते प्रवाळाचा चुरा गिळतात आणि तोच वाळू होऊन बाहेर पडतो, हे मी वाचलं होतं. इथे एका माशामागून पडणारी पांढरी रेघ डोळ्यांनी पाहिली. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. वर आल्यावर नळी काढून ती पहिल्यांदा म्हणाली, “अगं, त्याच्या अंगावरचे खवले मोजता येतात.”

मेलेली, पांढरी-करडी प्रवाळंही खूप दिसली. समुद्र जास्त तापला की प्रवाळाच्या आत राहणारं शेवाळ बाहेर टाकलं जातं. रंग आणि बहुतेक अन्न त्याच्याकडूनच मिळत असल्यामुळे प्रवाळ पांढरं पडतं, उष्णता टिकली तर मरतं. अंदमानात २०१० आणि २०१६ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं. नंबरचा मास्क नसता तर जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं हा फरकच मला कळला नसता. पाय कुठे आहेत हेही कळलं नसतं. मागच्या वेळी दमल्यावर मी जिथे टेकायला उभी राहिले तो ‘दगड’ प्रवाळ असणार, याची मला आता जवळजवळ खात्री आहे आणि त्याचं वाईट वाटतं. यंदा आम्ही दोघी कुठेही उभ्या राहिलो नाही.

हॅवलॉकला तीन, नील बेटावर (आताच्या शहीद द्वीपवर) दोन दिवस होतो. तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाण्यातलं सगळं सकाळी उरका. नीलच्या भरतपूर किनाऱ्यापेक्षा मला लक्ष्मणपूरचा ओहोटीचा खडक जास्त आवडला. तिथे डबक्यांत समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्री जीव) दिसतात आणि चष्म्यावरच भागतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ उतरलो. पाणी अंदमानइतकं नितळ नव्हतं, पण हातभर अंतरावरचे मासे स्वच्छ दिसले.

आता तक्रारी. मालवणच्या बारीक वाळूने माझ्या मास्कचं उजवं बकल अडकलं, गोड्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावर सुटलं. पट्टा केस ओढतो, त्यावर कापडी आवरण शिवून घ्या. आईच्या मास्कची पारदर्शक सिलिकॉनची कड पिवळट पडली आहे. माझी काळी आहे, ती जशीच्या तशी. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे, मास्क काढला की किनाऱ्यावर काहीच दिसत नाही. जुना चष्मा दोरीसकट पाणी न शिरणाऱ्या पाउचमध्ये घालून बोटवाल्याकडे द्यायचा, हे आम्ही दुसऱ्या दिवसापासून केलं.

पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कबद्दल मला विचारलं जातं. मी घेतला नाही. त्यात सोडलेली हवा साठून राहण्याची भीती असते आणि घाबरल्यावर तो पटकन काढता येत नाही. आईच्या वयाच्या माणसासाठी तर मी नकोच म्हणेन.

गेल्या महिन्यात आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. सप्टेंबरमध्ये ऑपरेशन आहे, नवीन भिंग बसलं की दूरचा मोठा नंबर जाईल असं डॉक्टर म्हणाले. या मास्कच्या काचा वेगळ्या काढून बदलता येतात. ऑपरेशनची तारीख ठरली त्याच संध्याकाळी तिने माझ्याकडून तिच्या मास्कसाठी साध्या काचांची जोडी मागवून घेतली.