खुंटी सरळ फिरली तेव्हा

काकांच्या बेस गिटारच्या खुंट्या उलट्या फिरायच्या. आजच्या बहुतेक बेसवर तार ताणायला खुंटी ज्या बाजूला फिरवतात, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. लहानपणी काकांनी माझ्या हाताला तीच सवय लावली. पुढे दुसऱ्या कुणाचा बेस हातात आला की मी हमखास चुकायचो. गेल्या जूनमध्ये दुरुस्तीहून परत आणलेला बेस मांडीवर घेतला. सगळ्यांत पातळ तार किंचित उतरली होती, म्हणून सवयीने खुंटी फिरवली. तार चढायच्या ऐवजी सैल पडून लोंबायला लागली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. डोळ्यांना सगळं ठीक दिसत होतं. हाताला कळलं की या खुंट्या काकांच्या नाहीत.

मी एकूण 2 लाख 15 हजार रुपये देऊन नकली सुटे भाग विकत घेतले, आणि बेसवर जे थोडेफार अस्सल भाग उरले होते तेही घालवून बसलो. जुनं वाद्य दुरुस्तीला देणाऱ्या प्रत्येकाला हे कळावं म्हणून सविस्तर लिहितो आहे.

बेस आहे फेंडर कंपनीचा प्रिसिजन, 1963 चा. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी 1951 मध्ये हे मॉडेल बाजारात आणलं. तोवर बेस वाजवायचा म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस अंगाखांद्यावर वागवायचा. 1957 मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारा चुंबकाचा भाग, बसवला, तो आजही तसाच असतो. जानेवारी 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली. त्याआधीच्या वाद्यांना जगभर 'प्री-सीबीएस' म्हणतात, आणि या एका शब्दावर किंमत कुठल्या कुठे जाते. एक खुंटी, एक स्क्रू, तडा गेलेली एक पट्टी, सगळ्याला गिऱ्हाईक असतं. चोराला अख्खी गिटार पळवायची गरजच उरत नाही.

काकांनी हा बेस 1974 मध्ये एका गोवेकर वादकाकडून घेतला. ते गृहस्थ बोटीवरच्या बँडमध्ये वाजवायचे, तिकडूनच त्यांनी तो आणला होता. आयातीवर कडक बंधनं असलेल्या त्या काळात मुंबईत असं वाद्य हाती लागणं म्हणजे भाग्य. काकींच्या पाटल्या त्यासाठी गहाण पडल्या आणि तीन वर्षांनी सुटल्या. गिरगाव, दादर, ठाणे, गणपतीचे दहा दिवस आणि लग्नसराईचे वाद्यवृंद, सगळीकडे तो बेस वाजला. आणल्या दिवशी काकांनी सर्वांत जाड तारेच्या खुंटीमागच्या पट्टीवर सुईच्या टोकाने बारीक 'श्री' कोरला होता.

1986 च्या गणपतीत मांडवात पाणी शिरलं. पिकअप गेला. घाईत उचलताना पुढची कासवपाठी रंगाची पट्टी, म्हणजे पिकगार्ड, कोपऱ्यातून तुटली. काकांनी लॅमिंग्टन रोडवरून नवे पॉट, म्हणजे आवाज आणि टोन कमीजास्त करायच्या फिरक्या, आणले, मिळाला तो पिकअप बसवला, पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी कापून लावली आणि वाजवत राहिले. तुटलेला तुकडा मात्र त्यांनी टाकला नाही. तो बिस्किटांच्या डब्यात कागदात गुंडाळून ठेवला होता.

काका 2021 मध्ये गेले. बेस माझ्याकडे आला. तो 1974 मध्ये काकांच्या हाती आला तसा पुन्हा करायचा, त्या काळचेच भाग शोधून बसवायचे, हे मी ठरवलं. तीन वर्षं पैसे साठवले.

दुरुस्तीसाठी ज्यांच्याकडे गेलो त्यांचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. एका ओळखीच्या वादकाने नंबर दिला होता. माणूस गोड बोलणारा, जाणकार. बेस हातात घेतल्या घेतल्या त्यांनी चार स्क्रू काढून दांडी वेगळी केली आणि टोकावरचा शिक्का मला दाखवला: 5 ऑक्टोबर 63 सी. "सर, लोक याला पाच तारीख समजतात. पाच म्हणजे मॉडेल, प्रिसिजन. सी म्हणजे वरच्या नटची रुंदी, पावणेदोन इंच." (नट म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी.) हे अगदी खरं आहे. मार्च 1962 पासून फेंडर दांडीवर असे शिक्के मारत असे, त्याआधी पेन्सिलीने लिहीत. त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी घरी येऊन पडताळली, सगळी बरोबर निघाली, आणि माझा पूर्ण विश्वास बसला. ज्ञान खरं आहे म्हणजे माणूसही खरा आहे, असं मी धरून चाललो.

आठवड्याभरात त्यांनी भागांचे फोटो पाठवले. पिकअप 90 हजार, पॉट-वायरिंगचा संच 35 हजार, पिकगार्ड 70 हजार, मजुरी 20 हजार. "अमेरिकेतून माझा माणूस आणतोय, कस्टमचं मी बघतो. बिल केलं तर जीएसटी लागेल, तुमचंच नुकसान." मी तीन दिवसांत तीन हप्ते यूपीआयने पाठवले. बिल मागितलं नाही. त्या फोटोंपैकी एक परदेशातल्या जुन्या जाहिरातीतला होता, हे फोटोवरून उलटा शोध घेतल्यावर दोन मिनिटांत कळलं. फक्त तो शोध मी पैसे गेल्यावर घेतला. भागाशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून नवा फोटो काढून पाठवा, एवढं जरी म्हटलं असतं तरी हे तिथेच उघडं पडलं असतं.

त्यांच्या प्रत्येक मेसेजमध्ये एक शब्द होता: 'पिरियड करेक्ट'. मी तो 'त्या काळातले' असा वाचत होतो. त्याचा अर्थ 'त्या काळासारखे' असाही होतो. आजच्या कारखान्यात जुन्या पद्धतीने केलेला भागही पिरियड करेक्टच. असे भाग उघडपणे नवे म्हणून विकणारे प्रामाणिक लोक आहेत, आणि त्यांचा माल उत्तम असतो. पण त्याची किंमत अस्सल भागाच्या कितीतरी खाली असते.

आता त्या रात्रीचं सांगतो. खुंटी सरळ फिरल्यावर मी तारा काढल्या आणि पिकगार्डचे स्क्रू सोडवले. खाली दोन पॉट, एक आवाजाचा, एक टोनचा. अमेरिकन पॉटच्या पाठीवर किंवा कडेला आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे कारखान्याचे: 304 म्हणजे स्टॅकपोल, 137 म्हणजे सीटीएस. पुढे वर्ष, आणि शेवटचे दोन आकडे त्या वर्षातला आठवडा. एका पॉटवर होतं 304 6321. 1963 चा एकविसावा आठवडा, ऑक्टोबरच्या दांडीला शोभेल असा. दुसरा पॉट दिव्याखाली धरला. 304 6358.

मी ते आकडे चार वेळा वाचले. बायकोला उठवून तिच्याकडून वाचून घेतले. अठ्ठावन्न. वर्षात आठवडे बावन्न असतात, फार तर त्रेपन्न. ज्याने हा आकडा ठोकला त्याला फक्त 63 ठाऊक होतं, पुढच्या दोन आकड्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. एकवीस त्याच्या हातून योगायोगाने बरोबर पडला होता. भिंगातून पाहिलं तर दोन्ही पॉटच्या आकड्यांच्या कडा ताज्या, चकाकत्या होत्या आणि भोवतीचा काळपटपणा वरून फासलेला होता. कापसाला थोडं थिनर लावून पुसल्यावर तो निघून आला.

एक सांगून ठेवतो, कारण याबाबत उलटी फसगतही होते. पॉटची तारीख दांडीच्या तारखेशी तंतोतंत जुळलीच पाहिजे असं नाही. पॉट आधी बनायचे, साठ्यात पडून राहायचे. फेंडरने 1966 मध्ये पॉटचा इतका मोठा साठा घेतला की पुढची दोन-तीन वर्षं त्याच तारखेचे पॉट लागत राहिले. म्हणून आकड्यावरून एवढंच ठरतं की वाद्य त्या तारखेच्या आधीचं नाही.

मग बिस्किटांचा डबा काढला. जुना पिकगार्ड सेल्युलॉइडचा असतो. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर, आपण आरतीला लावतो तोच कापूर. वर्षानुवर्षं तो उडत जातो, पट्टी आकसते, कडा वर येतात, स्क्रू तिरके होतात. काकांच्या तुकड्याची कड मी पॉलिश पेपरवर आठ-दहा वेळा घासली आणि नाकाशी नेली. साठ वर्षांनंतरही देवघराचा वास आला. सत्तर हजारांच्या पट्टीची कड त्याच कागदाच्या दुसऱ्या टोकावर घासली. नव्या पाण्याच्या पाइपसारखा वास. तिच्यावर कासवपाठीची नक्षी छापलेली होती. कड घासल्यावर लाल-तपकिरी थर नखाने सोलून निघाला. काकांच्या तुकड्यात मात्र रंग आत खोलवर गेलेला. (ही परीक्षा कुणी काडी लावून करू नका. सेल्युलॉइड क्षणात भडकतं.)

पिकअपचं फार सांगत नाही. मल्टिमीटरवर 10.6 किलोओहम दाखवत होता, अस्सलही तेवढंच दाखवतो, म्हणून मीटरवर विसंबू नका. त्याच्या खालची फायबरची पट्टी राखाडी होती आणि तिच्यावर पेन्सिलीने 1963 लिहिलं होतं. फेंडरच्या या पट्ट्या काळ्याच्या राखाडी झाल्या त्या साधारण 1964 च्या सुमारास.

दुसऱ्या दिवशी फोन केला. आवाज तसाच गोड. "सर, मी ओरिजिनल असं कधी म्हटलं? तुमच्याकडे मेसेज आहेत, काढून बघा." मी बसून सगळे मेसेज वाचले. चार महिन्यांत त्यांनी एकदाही 'ओरिजिनल' हा शब्द लिहिला नव्हता. बोलताना शंभरदा म्हटला होता. खुंट्यांचं विचारलं तर म्हणाले, "बेस आला तेव्हा याच होत्या."

मला सगळ्यांत जास्त हे लागलं. भाग नकली निघाले ते पैशाचं नुकसान. खुंट्या काकांच्या होत्या, जवळजवळ पन्नास वर्षं त्यांच्या बोटांखाली फिरलेल्या. पुलावरचं, म्हणजे तारा खालच्या टोकाला टेकतात त्या भागावरचं, क्रोमचं झाकणही परत आलं नाही. त्या झाकणाच्या आत स्पंजची पट्टी असायची, तिने तारांची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, लवकर दबते आणि स्वर ठोस, गोल येतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन असाच स्पंज ठेवून वाजवायचे. त्यांचा 1962 चा प्रिसिजन 1983 मध्ये, ते जाण्याच्या थोडे दिवस आधी चोरीला गेला. काका हे नेहमी सांगायचे आणि रात्री बेस स्वतःच्या खाटेखाली ठेवायचे.

झाकण होतं याचा पुरावा म्हणून माझ्याकडे 1979 चा मांडवातला एक कृष्णधवल फोटो आहे. बेस दुकानात सोडला त्या दिवशीचा एकही नाही. पोलीस चौकीत हवालदारसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न हाच केला: देताना काय काय होतं, लिहून घेतलंत का? मग म्हणाले, हा व्यवहारातला वाद दिसतो, ग्राहक मंचाकडे जा. वाद्य ताब्यात देताना दांडीचा शिक्का, प्रत्येक खुंटीची पाठ, पूल, झाकणं, पॉटचे आकडे, या सगळ्याचे फोटो घेऊन त्याच मिनिटाला समोरच्याला पाठवून 'मिळाले, बरोबर आहे' एवढं उत्तर घ्यायला पाच मिनिटं लागली असती. शक्य असेल तर बेस देऊच नका. भाग आधी हातात घ्या, स्वतः तपासा, आणि समोर बसून बसवून घ्या. कुणी आठ दिवस ठेवून जा म्हणाला तर विचारा की कशासाठी. पिकअप आणि दोन पॉट बसवायला कसबी माणसाला एक दुपार पुरते.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी मध्यस्थीचा प्रयत्न केला, समोरून उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी आणि मेसेज जोडता येतात, मी तेच जोडले आहेत. सोबत अठ्ठावन्नाव्या आठवड्याचा पॉट पाकिटात घालून दिला आहे. निकाल अजून लागलेला नाही.

नकली भाग मी काढून टाकले. लॅमिंग्टन रोडचे जुने पॉट, काकांनी बसवलेला पिकअप आणि ती पांढरी पट्टी माळ्यावर होती, तीच परत लावली. बेस 1986 नंतर वाजायचा तसाच वाजतो. फक्त खुंट्या सरळ फिरतात.

म्हणून ही विनंती. कुणी तुम्हाला साठीच्या दशकातल्या फेंडर बेसच्या उलट्या खुंट्यांचा चारचा संच विकायला आणला, तर सर्वांत जाड तारेची खुंटी उजेडात तिरकी धरून मागच्या पट्टीवर बघा. 'श्री' अगदी बारीक आहे, वेलांटीचं टोक थोडं घसरलेलं आहे. दिसला तर विकत घेऊ नका, एक फोटो काढा आणि मला कळवा.