नवं पुस्तक कोणाच्या सांगण्यावरून घ्यावं? स्वतंत्र पुस्तकविक्रेता, याद्या, तारे आणि अल्गोरिदम

नुकत्याच आलेल्या पुस्तकाबद्दल कोणाचं ऐकायचं हे ठरवणं जुन्या पुस्तकापेक्षा अवघड असतं. जुन्या पुस्तकावर दहा-वीस वर्षांत बरंच बोललं-लिहिलं गेलेलं असतं. नव्याच्या बाबतीत हाताशी काहीच नसतं. मलपृष्ठावरचा मजकूर प्रकाशकाचा, आणि त्याखालची कौतुकाची वाक्यं बहुतेक वेळा प्रकाशकानेच मागवलेली. मग उरतात शिफारशी, आणि त्या आज चारही दिशांनी येतात. दुकानातला माणूस सांगतो, विक्रेत्यांच्या याद्या सांगतात, खरेदीचं संकेतस्थळ सुचवतं, हजारो वाचकांचे तारे दिसतात, खपाच्या याद्या लागतात, परीक्षणं छापून येतात.

या सगळ्यांना मी एकच प्रश्न लावून बघते: शिफारस फसली तर सांगणाऱ्याचं काय जातं? पुढची तुलना याच प्रश्नाभोवती आहे.

दुकानातला माणूस

स्वतंत्र दुकान म्हणजे कुठल्या साखळीचा भाग नसलेलं. मालक आणि दोन-चार सहकारी ते चालवतात आणि कोणती पुस्तकं ठेवायची हे तिथेच ठरतं. जागा मोजकी असल्यामुळे फडताळावर आलेलं प्रत्येक पुस्तक दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकाला बाजूला सारून आलेलं असतं. म्हणजे तुम्ही काही विचारण्याआधीच एक निवड होऊन गेलेली असते. प्रकाशकांचे प्रतिनिधी येणाऱ्या हंगामाची यादी घेऊन येतात, निवडक पुस्तकांच्या आगाऊ प्रती देतात. चांगला विक्रेता त्यातल्या काही पूर्ण वाचतो, काही चाळतो, काही तशाच बाजूला ठेवतो. आपल्याला पुस्तक दिसतं तेव्हा त्याने ते काही महिन्यांपूर्वीच वाचलेलं असू शकतं.

शिफारस फसली तर त्याचं काय जातं? न खपलेल्या प्रती प्रकाशकाकडे परत पाठवायची सोय बऱ्याच ठिकाणी असते. अमेरिकेत ही पद्धत 1930 च्या दशकातल्या मंदीत रुजली. त्यामुळे पैशाचा फटका वाटतो तेवढा मोठा नसतो. पण तुम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दारातून आत येणार असता आणि आवडलं की नाही हे तोंडावर सांगणार असता. छोटं दुकान पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकांवर चालतं, आणि तीन शिफारशी फसल्या तर चौथ्या वेळी कोणी विचारत नाही. माझ्या मते त्याच्या सांगण्याला वजन येतं ते यामुळेच.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे तो ‘नको’ म्हणू शकतो. ‘हे गाजतंय खरं, पण तुमच्यासाठी नाही. तुम्हाला संथ पुस्तक चालत नाही.’ असं वाक्य कुठल्याही छापील यादीत सापडणार नाही, कारण यादीला समोर कोण उभं आहे ते दिसत नाही.

अर्थात त्याच्या मर्यादाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. दुकानात वाचणारी माणसं तीन-चार आणि पुस्तकं हजारो. त्यामुळे बरीचशी पुस्तकं कोणीच वाचलेली नसतात. त्यांची आवड बहुतेकदा साहित्यिक कादंबऱ्या आणि ललित गद्याकडे झुकलेली असते. विज्ञानकथा, रहस्यकथा किंवा अर्थशास्त्र वाचणाऱ्याला त्या दुकानात नेमका तो विषय वाचणारा माणूस आहे की नाही यावर सगळं अवलंबून राहतं. शिवाय जे दुकानात आहे तेच सुचवण्याकडे कल असणार, हे मानवी आहे. म्हणून थेट विचारावं, ‘हे तुम्ही स्वतः वाचलंय का?’ चांगला विक्रेता ‘नाही, पण आमच्यातल्या एकीने वाचलंय’ असं सांगतो आणि तिला हाक मारतो. जो पहिलं पानही न उघडता ‘एकदम मस्त आहे’ म्हणतो, त्याच्याकडून पुस्तक घ्या, सल्ला घेऊ नका.

विचारायची पद्धतही महत्त्वाची. ‘काही चांगलं सांगा ना’ या प्रश्नाला चांगलं उत्तर मिळत नाही. अलीकडे आवडलेली दोन पुस्तकं सांगावीत आणि अर्धवट सोडलेलं एक सांगावं, तेही कुठे आणि का सोडलं यासकट. या सोडलेल्या पुस्तकाचा उपयोग सर्वात जास्त होतो. ‘पात्रं इतकी होती की शंभराव्या पानापर्यंत कोण कोणाचा काका हेच कळेना’ एवढं सांगितलं की समोरच्या डोक्यातून एका झटक्यात पाच-सहा नावं गळतात.

फडताळावरची चिठ्ठी

बोलायचा संकोच असेल तर पुस्तकाखाली चिकटवलेल्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचाव्यात. त्या नीट वाचल्या तर दुकानाची पारख होते. समजा एका चिठ्ठीवर लिहिलंय, ‘अप्रतिम! प्रत्येकाने वाचायलाच हवं!’ आणि दुसरीवर, ‘पहिली साठ पानं सावकाश आहेत, धीर धरा. आजी घरी परत येते तिथून पुस्तक खाली ठेवता येत नाही. शेवट गोड नाही.’ खाली लिहिणाऱ्याचं नाव. पहिली चिठ्ठी पुस्तक न वाचताही लिहिता येते, दुसरी येत नाही. दुसरीत उणीव सांगितलेली आहे, नेमकी जागा दाखवलेली आहे आणि कोणाला आवडणार नाही हेही कळतं. नाव असल्यामुळे पुढच्या वेळी त्याच माणसाची चिठ्ठी शोधता येते. दोन-तीन पुस्तकांत तुमची आवड त्याच्याशी जुळली तर तुम्हाला खात्रीचा वाचक सापडला. जुळली नाही तरी हरकत नाही. ज्याची आवड नेमकी उलटी आहे, त्याची नापसंतीही कामाची असते.

विक्रेत्यांची एकत्र यादी

जवळ असं दुकान नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे स्वतंत्र विक्रेत्यांनी मिळून केलेली यादी. अमेरिकन बुकसेलर्स असोसिएशन ही 1900 साली स्थापन झालेली संघटना दर महिन्याला ‘इंडी नेक्स्ट’ नावाची यादी काढते. तिची सुरुवात 1999 साली सुरू झालेल्या ‘बुक सेन्स’ उपक्रमात झाली आणि 2008 पासून ती आजच्या नावाने येते. ठिकठिकाणचे विक्रेते पुस्तक बाजारात येण्याआधीच आगाऊ प्रत वाचून आपलं मत पाठवतात. ज्यांना जास्त पाठिंबा मिळतो ती पुस्तकं यादीत येतात, आणि प्रत्येकाखाली एका विक्रेत्याचं छोटं टिपण, त्याचं नाव आणि दुकान छापलेलं असतं.

एका दुकानाच्या आवडीचा एकांगीपणा इथे बराच कमी होतो. पण ‘नको’ म्हणणारा आवाज इथे ऐकू येत नाही. यादीत फक्त कौतुक असतं. ज्या पुस्तकांच्या आगाऊ प्रती भरपूर वाटल्या गेल्या ती जास्त जणांनी वाचलेली असतात, त्यामुळे मोठ्या प्रकाशकांना आपसूक थोडी जास्त संधी मिळते. मी अशी यादी वाचताना क्रमांकाकडे बघत नाही. टिपणाखालची नावं लक्षात ठेवते आणि ज्याचं लिहिणं पटतं त्याची पुढच्या महिन्यातली निवड शोधते. 2020 साली सुरू झालेल्या ‘बुकशॉप डॉट ऑर्ग’ या ऑनलाइन पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावरही स्वतंत्र दुकानांनी केलेल्या याद्या असतात आणि तिथे दुकान निवडून खरेदी केली तर नफ्याचा वाटा त्या दुकानाला जातो.

‘हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं’

अॅमेझॉनमध्ये सुरुवातीच्या वर्षांत पुस्तकांवर लिहिणारे संपादक होते. नंतर ते काम यंत्राकडे, म्हणजे अल्गोरिदमकडे गेलं. 2003 साली कंपनीच्या तीन अभियंत्यांनी आपली पद्धत एका शोधनिबंधात मांडली. तुमच्यासारखा माणूस शोधत बसण्यापेक्षा कोणती वस्तू कोणत्या वस्तूबरोबर घेतली जाते याच्या जोड्या लावायच्या, आणि तुम्ही जे घेतलंय त्याच्या जोडीदार वस्तू दाखवायच्या.

एखाद्या अरुंद विषयात हा मार्ग कोणत्याही दुकानापेक्षा सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. मध्ययुगीन नकाशे किंवा मधमाशीपालन या विषयांत तुम्ही चार पुस्तकं घेतली असतील तर पाचवं यंत्र बरोबर शोधून देतं. दुकानातल्या माणसाने त्याचं नावही ऐकलेलं नसतं. पण अगदी नव्या पुस्तकापाशी ही पद्धत अडखळते. ज्याची खरेदीच अजून झालेली नाही त्याची जोडी कशाशी लावणार? मग तीच तीच गाजलेली नावं वर येत राहतात. आणि खरेदी म्हणजे आवड नव्हे. भेट म्हणून घेतलेलं, अभ्यासाला लागलेलं आणि दहा पानांनंतर टाकून दिलेलं पुस्तक यंत्राच्या हिशेबात सारखंच.

शिफारस फसली तर इथे कोणाचंच फारसं काही जात नाही. पडद्यावरची जागा विकतही दिली जाते. 1999 साली प्रकाशकांकडून पैसे घेऊन अॅमेझॉन काही पुस्तकं ठळकपणे दाखवते हे वृत्तपत्रातून उघड झालं, तेव्हा अशी जागा पैसे घेऊन दिलेली आहे हे यापुढे सांगू, असं कंपनीने जाहीर केलं. आता तिथे ‘प्रायोजित’ असं लहान अक्षरात लिहिलेलं असतं. ते आधी शोधावं.

प्रत्यक्ष दुकानांतही हे चालतं. मोठ्या साखळी दुकानांच्या दर्शनी टेबलावरची जागा प्रकाशक पैसे मोजून घेत आले आहेत. ब्रिटनमधल्या वॉटरस्टोन्स या साखळीची सूत्रं 2011 साली जेम्स डॉंट यांच्याकडे आली. त्याआधी 1990 पासून ते लंडनमध्ये स्वतःचं स्वतंत्र दुकान चालवत होते. त्यांनी हे पैसे घेणं बंद केलं आणि कोणतं पुस्तक पुढे मांडायचं हे त्या त्या शाखेतल्या माणसांवर सोपवलं. परत जाणाऱ्या प्रतींचं प्रमाण त्यानंतर खूप घटलं, आणि डबघाईला आलेली साखळी पुन्हा नफ्यात आली. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबलची जबाबदारीही त्यांच्याकडे गेली. छोट्या दुकानाची रीत मोठ्या दुकानात चालते याचा हा चांगला पुरावा आहे. म्हणून साखळी दुकान दिसलं की नाक मुरडू नये. तिथल्या टेबलावरची पुस्तकं कोणी निवडली, एवढं मात्र विचारावं.

तारे आणि खप

वाचक जिथे पुस्तकांना तारे देतात आणि मतं लिहितात ते गुडरीड्स हे संकेतस्थळ 2007 साली सुरू झालं आणि 2013 साली अॅमेझॉनने ते विकत घेतलं. तिथल्या सरासरी ताऱ्यांवरून नवं पुस्तक घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पुस्तक येण्याआधीही तिथे तारे देता येतात. 2023 साली एका प्रसिद्ध अमेरिकी लेखिकेची रशियात घडणारी कादंबरी जाहीर झाली आणि लगेच शेकडो लोकांनी तिला एकच तारा दिला. त्यांच्यापैकी कोणीही ती वाचलेली नव्हती, कारण ती बाजारात आलेलीच नव्हती. युक्रेनमधल्या युद्धामुळे आलेला तो संताप खरा होता, पण त्यातून पुस्तक कसं आहे हे कसं कळणार? लेखिकेने प्रकाशन थांबवलं. उलट बाजूला, मित्रमंडळींनी पहिल्या दिवशी दिलेले पाच तारेही तेवढेच पोकळ. तिथे जायचंच असेल तर तीन ताऱ्यांची लांब मतं वाचा. त्या माणसाला काही आवडलेलं असतं, काही खटकलेलं असतं, आणि दोन्ही तो सांगतो.

खपाच्या यादीवरून लोक काय घेत आहेत एवढंच समजतं. न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत काही पुस्तकांपुढे खंजिराचं छोटं चिन्ह असतं. काही विक्रेत्यांकडे या पुस्तकाची घाऊक मागणी नोंदली गेली आहे, असा त्याचा अर्थ. गटचर्चेसाठी सगळ्यांनी वाचलेलं पुस्तक हवं असेल तर ही यादी उपयोगी, एरवी नाही.

परीक्षणांचा मान मला या सगळ्यांत दुकानदाराच्या खालोखाल वाटतो. समीक्षक नावानिशी लिहितो, त्याची पतही पणाला लागते, आणि वाद घालायला तो जागा ठेवतो. फक्त परीक्षण उशिरा येतं आणि कथानक बरंच सांगून टाकतं. पुस्तक वाचून झाल्यावर वाचलं तर त्याची गोडी जास्त.

मग तुम्ही काय करावं?

वर्षाला पाच-सहाच पुस्तकं वाचणाऱ्याने दुकानातल्या माणसाकडेच जावं. एक पुस्तक वाया जाणं त्याला सर्वात महाग पडतं, आणि ‘हे नको’ ऐकायची गरजही त्यालाच जास्त. मुलांसाठी घ्यायचं असेल तर याला दुसरा पर्यायच नाही. मुलाचं वय सांगून भागत नाही. तो आता काय वाचतो, चित्रं किती लागतात, भीती वाटते का, हे विचारून पुस्तक काढून देणारा माणूस हवा. शक्य असेल तर मुलालाच घेऊन जावं आणि आपण दोन पावलं मागे उभं राहावं.

भेट द्यायची असेल तेव्हाही तेच. मात्र घेणाऱ्याबद्दल बोला, प्रसंगाबद्दल नको. ‘निवृत्त झालेल्या काकांसाठी’ यापेक्षा ‘त्यांना नद्यांविषयी वाचायला आवडतं आणि अक्षर बारीक नको’ हे कितीतरी उपयोगी पडतं.

महिन्याला चार-पाच पुस्तकं संपवणाऱ्याने एकत्र यादी आणि एखाद-दोन विश्वासाचे समीक्षक धरावेत, कारण एका दुकानाची आवड त्याला लवकरच अपुरी पडेल. एकाच विषयात खोल शिरलेल्याने यंत्राच्या सूचना बिनधास्त बघाव्यात, पण पुस्तकामागची संदर्भसूची त्याहून आधी बघावी. आणि ऐकण्याची पुस्तकं घेणाऱ्यांसाठी ‘लिब्रो डॉट एफएम’ आहे. तिथे आपलं स्वतंत्र दुकान निवडता येतं आणि विक्रेत्यांच्या निवडीही दिसतात. ऐकण्याच्या पुस्तकात आवाज कोणाचा आहे यावर अर्धं यश अवलंबून असतं, तेव्हा शिफारस कोणाचीही असो, नमुना पाच मिनिटं ऐकूनच पैसे भरावेत.